रविवारचं पातं

कसायाच्या दुकानातून बाहेर पडलो आणि समोरच्या चढावरून एक चाकाची खुर्ची उतरताना दिसली. आमच्या शेफील्डात चढ-उताराशिवाय रस्ताच नाही. खुर्चीमागच्या नर्सने सगळं अंग मागे टाकून ती धरली होती, कोळशाच्या गाडीचा घोडा उतारावर मागच्या पायांवर येतो तशी. खुर्चीत आमच्या चॅपलचे प्यू पाद्रीबाबा होते. पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली, वाचा गेली, त्यांना टेकडीवरच्या वृद्धाश्रमात ठेवलं, हे सगळं मला ठाऊक होतं. भेटूनही आलो होतो, पण पडदे ओढलेल्या खोलीत, पांघरूण नाकापर्यंत आलेलं असताना. उन्हात पाहिलं ते आज. त्यांच्या गालांवर पांढरे खुंट होते. कापणीनंतर शेतात उरतात तसे, कुठे दाट, कुठे विरळ, आणि हनुवटीच्या खळीत विजेच्या यंत्राने चुकवलेला एक झुपका. मी टोपी काढली. बाबा अर्ध्या तोंडाने हसले आणि म्हणाले, "आणि."

"एवढाच शब्द राहिलाय त्यांच्याकडे," नर्स म्हणाली. ती जमैकाची होती, डेल्फिन नावाची, आवाज भरदार. "चहा देऊ का म्हटलं की 'आणि', म्हणजे बिस्किटंसुद्धा. झोपा आता म्हटलं की 'आणि', म्हणजे झोपत नाही, जा. आमचं छान जमलंय. काय हो बाबा?"

"आणि," बाबा म्हणाले.

"यांची दाढी कोण करतं?" मी विचारलं. स्वर जरा वाकडा लागला असावा.

"मीच करते, यंत्राने. वेळ मिळेल तशी. का हो काका, तुम्ही न्हावी आहात?"

"नाही. जुने वस्तरे गोळा करतो. घासूनपुसून पुन्हा धारेला आणतो."

तिने माझ्याकडे पोलिसाच्या नजरेने पाहिलं. मग हसली. "या की मग एक घेऊन. पुढच्या रविवारी यांना तुमच्या चॅपलमध्ये आणायचंय ना, शेवटच्या प्रार्थनेला? शनिवारी दुपारी या. पण मान तेवढी जागेवर ठेवा, पाळी संपताना मला माणूस अख्खा सही करून द्यावा लागतो."

मी हो म्हणालो आणि पिशवी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली. उजव्या हाताला वजन दिलं की तो गप्प राहतो. हिवाळ्यापासून त्याला एक बारीक कापरं भरलं होतं. कप बशीवर ठेवताना किणकिण व्हायची, म्हणून मी बशी घेणंच सोडलं होतं. फीबीला, माझ्या बायकोला, मी सांगितलं होतं की कपाखाली बशी ठेवली की चहा निवतो. ती 'हं' म्हणाली होती. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर 'हं'चे जितके अर्थ होतात त्यांतला हा कोणता, ते मी विचारायला गेलो नाही.

घरी येईपर्यंत ते खुंट माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. कारण पाद्रीबाबांची हनुवटी ही आमच्या चॅपलची एक वस्तूच होती, जसा ऑर्गन, जशी घंटा. वेल्सच्या डोंगरातून पोरसवदा वयात ते आमच्याकडे आले तेव्हा आमच्या माणसांना त्यांचं अर्धं बोलणं कळायचं नाही. पण प्रवचन पाऊण झालं की त्यांच्या बोलण्यात काहीतरी शिरायचं. वाक्याचं शेवटचं अक्षर लांबायचं. पुढचं वाक्य त्याच अक्षरावरून वर चढायचं, आणि केव्हातरी, कोणाच्याही लक्षात न येता, बोलणं संपून गाणं सुरू झालेलं असायचं. शब्द तेच, गालीलच्या समुद्राचे, हरवलेल्या मेंढराचे, पण आता ते सुरावर तरंगायचे. मग ते डावा हात वर उचलायचे, तळवा उघडा, आणि सगळं चॅपल त्यांच्या मागून शेवटची ओळ गायचं. बायका लगेच. तरुण लगेच. खर्जवाले मात्र उशिरा. आमचे खर्जवाले म्हणजे सगळे वस्तरे घासणारे कारागीर, आयुष्यभर चाकाच्या घरघरीशेजारी कान घालवलेले. त्यांना सूर बाकाच्या लाकडातून यायचा, म्हणून एक मात्रा मागाहून. बाबांनी त्यांना कधी टाकून पुढे नेलं नाही. हात वर तसाच धरून ते थांबायचे, हनुवटी उचललेली, खिडकीचा उजेड तिच्यावर, चमचा उजळावा तशी ती चमकायची. मला लहानपणी वाटायचं की तो आवाज त्या गुळगुळीत हनुवटीमुळेच येतो. अजूनही तसं वाटत नाही असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. गाऊन सांगितलेलं देवाचं वचन ऐकलं की माझ्या पाठीच्या कण्यात आजही काहीतरी सरळ होतं.

आता ते चॅपल बंद होणार होतं. माणसं उरली नव्हती, छप्पर गळत होतं, एक गालिचेवाला जागा घेणार होता. "निदान मऊ तरी होईल," फीबी म्हणाली होती. "त्या बाकांनी माझ्या कंबरेचं काय केलंय ते प्रभूला ठाऊक." आणि मग बटाटे सोलता सोलता ती रडली होती, सुरी न थांबवता.

शनिवारी दुपारी मी गेलो. चांगलं रुंद पातं नेलं होतं, एका मोडक्या घराच्या लिलावात मिळालेलं. गंजाने तपकिरी झालं होतं, दोन महिने बसून मी ते आरशासारखं केलं होतं. डेल्फिनने गरम टॉवेल दिला. बाबांच्या गालांवर मी साबणाचा फेस चढवला, तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि अर्धा चेहरा सुखाने सैल पडला. दुसरा अर्धा आधीच सैल होता. मी वस्तरा उघडला, कानशिलाशी नेला. आणि उजवा हात नाचायला लागला. फेसात पात्याच्या टोकाने बारीक बारीक रेघा उठल्या, पाण्यावर वाऱ्याने उठाव्यात तशा. कातडीला लागलं नव्हतं. अजून लागलं नव्हतं. मी मनगट दुसऱ्या हाताने धरलं. मग कापरं दोन्ही हातांतून खांद्यापर्यंत गेल्यासारखं वाटलं. खाली तो गळा होता. फेसाखाली शीर संथ उडत होती. ज्या गळ्यातून सगळं आलं होतं तो गळा.

"पातं नीट निसलेलं नाही, धार कच्ची आहे," मी म्हणालो. "उद्या येतो. सकाळी लवकर."

"उद्या रविवार, काका."

"हो."

डेल्फिन माझ्या हाताकडे पाहत होती. तिने टॉवेल घेतला आणि फेस पुसला, लहान मुलाचं तोंड पुसावं तसा. "उद्या सकाळी माझीच पाळी आहे," ती म्हणाली. "दार मी उघडीन." बाबांनी डोळे उघडले आणि आपल्याला काहीतरी मिळायचं राहून गेलं अशा नजरेने आम्हा दोघांकडे पाहिलं.  

रविवारी, प्रभूच्या विसाव्याच्या दिवशी, दाढी आमच्यात करत नाहीत. आता करतात, आता रविवारी लोक गाड्यासुद्धा धुतात, पण माझ्या वडिलांच्या घरात शनिवारी संध्याकाळीच पाणी तापायचं आणि मग सोमवारपर्यंत पातं गालाला लागायचं नाही. माझे वडील एनॉक शर्टक्लिफ वस्तऱ्याची पाती घासायचे. नदीकाठच्या कारखान्यात लाकडी घोडीवर ओणवं बसून, ओल्या दगडी चाकावर, पातं दोन्ही अंगांनी इतकं खोलगट घासायचे की धारेजवळचं पोलाद नखाच्या दाबाने वाकावं. लग्नाआधी त्यांनी स्वतःसाठी एक संच केला होता, सात वस्तऱ्यांचा, प्रत्येकाच्या पाठीवर वाराचं नाव कोरलेलं, निळ्या मखमलीच्या पेटीत. पोलादालाही विसावा लागतो म्हणायचे. ज्या वाराचं पातं त्याच वारी वापरायचं, मग त्याने आठवडाभर झोपायचं. सहा पाती वापरून वापरून अरुंद झाली होती. रविवारचं तेवढं पूर्ण रुंद, घासलं त्या दिवशीसारखं. दर रविवारी संध्याकाळी ते फक्त तेल लावायला काढायचे. पुसायचे, अंगठ्याच्या नखाने धारेला हलकेच छेडायचे आणि माझ्या कानाशी धरायचे. एक लांब, बारीक, स्वच्छ सूर. "ऐक हेडली," म्हणायचे, "कामाला न जुंपलेल्या पोलादाचा आवाज." ही पेटी मी चॅपलच्या मदतीसाठी भरणाऱ्या बाजारात पाहायला मांडायचो. सहा कामाची, एक प्रभूचं, असं सांगायचो. लोकांना आवडायचं. मलाही.

त्या शनिवारी संध्याकाळी मागच्या पडवीत मी दिवा लावला आणि पेटी काढली. फीबी दारात येऊन उभी राहिली, हातात आल्याच्या केकची बशी. "वडिलांची पेटी?" ती म्हणाली. "शंभर वस्तरे आहेत त्या फळीवर. त्यातला एकही बाबांच्या गालाला चालत नाही?"

"उद्या रविवार आहे."

"हं," ती म्हणाली. मग बशी ठेवून, जाता जाता, "तुझे वडील वरून पाहत असतील तर त्यांना म्हणावं, मान फिरवा पाच मिनिटं. पाद्र्याची दाढी आहे, चोरी नाही."

ती गेली आणि मी ते पातं हातात घेतलं. आई गेल्यापासून पेटी माझ्याकडे होती. तेल लावायचो, छेडायचो, ठेवायचो. फळीवरच्या प्रत्येक वस्तऱ्यावर मी भिंग लावलं होतं, कोणी कसा वापरला, कोण घाईचा होता, कोण जपणारा, हे पात्यावर वाचता येतं. कंजूष माणूस टोकच जास्त निसतो. याच्यावर भिंग कधी धरलं नव्हतं. न वापरलेल्यावर काय वाचायचं? आता धार काढायची तर पाहायला हवं होतं. धरलं. धारेशेजारी बारीक तिरप्या रेघा होत्या. निसण्यावरच्या. मी भिंग पुसलं. रेघा तिथेच. पाठीच्या कडेला, दगडावर टेकते तिथे, नखाएवढी रुंद झीज, चकाकणारी, पण एकाच बाजूला जास्त. चुकीच्या बाजूला. उजव्या हाताचा माणूस निसतो तेव्हा दाब दुसरीकडे पडतो. बाकीची सहा पाती मी एकेक करून पाहिली, सगळ्यांवर झीज वडिलांच्या बाजूला होती. ही झीज डावऱ्या माणसाची होती.

आमच्या घरात डावरी फक्त आई होती. आणि मी. माझा डावा हात शाळेत मास्तरांच्या छडीने आणि पुढे मीही वस्तरे घासायला बसलो तेव्हा कारखान्यातल्या घोडीने मोडून काढला. घोडी उजव्या हाताच्याच माणसासाठी बनवलेली असते, आणि चाक कोणासाठी उलटं फिरत नाही. आईचा मात्र राहिला. ती चमचे उजळायच्या कारखान्यात होती, तिथे चमच्याला डाव्या-उजव्या हाताशी काही घेणं नसतं. मी दिव्याखाली बसून राहिलो. वडिलांचा शेवटचा हिवाळा. दगडाची धूळ छातीत बसून सगळेच घासणारे जायचे, तसे तेही चालले होते. शनिवारी आई कारखान्यातून उशिरा यायची, आणि शनिवारची रात्र त्यांना सर्वांत वाईट जायची, खोकल्यात तळमळत काढलेली. रविवारी सकाळी आई मला म्हणायची, "तू हो पुढे, बाकं पुसून ठेव, मी आलेच." मी पुढे व्हायचो. ती नेहमी पहिल्या गीताला धापा टाकत यायची, आणि तिच्या बोटांना साबणाचा वास असायचा. प्रार्थना संपली की पाद्रीबाबा, तेव्हाचे तरणे, दाट केसांचे, आमच्याबरोबर चढ चढून घरी यायचे आणि वडिलांच्या खाटेशी बसून प्रवचनाचा शेवटचा गायचा भाग पुन्हा गायचे, फक्त त्यांच्यासाठी, हलक्या आवाजात. वडिलांना गाता येत नसे. ते ओठ हलवायचे. त्यांचा चेहरा उशीवर पांढरा आणि गुळगुळीत असायचा. मला तेव्हा वाटायचं, शनिवारची दाढी किती चांगली टिकली आहे.

आईने त्यांना रविवारचंच पातं लावलं होतं. म्हणजे त्यांनी ते लावू दिलं होतं. त्या दोघांत काय बोलणं झालं असेल? 'आज वार कोणता?' एवढंच कदाचित. ज्या वाराचं पातं त्याच वारी. मला वाटतं ते हसले असतील, हसताना खोकला आला असेल आणि आईने पातं बाजूला धरून वाट पाहिली असेल. आणि संध्याकाळी ते मला कान पुढे करायला सांगून म्हणायचे, कामाला न जुंपलेल्या पोलादाचा आवाज. शेवटच्या हिवाळ्यातही म्हणाले होते का? आठवेना. तेव्हा बहुतेक त्यांनी नुसतंच छेडून दाखवलं होतं, आणि वाक्य माझं मीच भरलं होतं.

निसणा, धार लावायचा दगड, ओला केला. उजव्या हातात पातं घेतलं तर ते दगडावर टिकटिक वाजू लागलं. मग मी काहीच ठरवलं नाही. हात बदलला, एवढंच. पातं डाव्या हातात आलं आणि त्या जुन्या झिजेवर दगडावर सपाट बसलं, बूट पायात बसावा तसं. डावा हात स्थिर होता. आयुष्यभर त्याला फक्त वस्तू धरून ठेवायचं काम होतं, त्याचं काहीच वापरलं गेलं नव्हतं. पातं एका बाजूने गेलं, पाठीवर वळलं, परत आलं. अडखळत, पहिलीतल्या पोराने अक्षर काढावं तसं, पण कापत नव्हतं.

सकाळी डेल्फिनने दार उघडलं. ती चर्चच्या टोपीत होती, वरून पांढरा एप्रन. "यांना चॅपलला सोडून पाळी संपली की मी तिकडूनच आमच्या मंडळीत," ती म्हणाली. "आमचा पाद्रीही शेवटी गायला लागतो. तुमचे बाबा कसे गायचे?"

"खालून सुरू करायचे."

"आमचा वरून सुरू करतो आणि तिथेच राहतो. तीन तास." तिने माझ्या हातातलं पातं पाहिलं, मग कोणत्या हातात आहे ते पाहिलं.  बाबांच्या डोक्यामागे उशी सारखी केली आणि तळवा त्यांच्या कपाळावर ठेवला.

"बाबा," मी म्हणालो, "आज रविवार आहे. तुम्ही नको म्हणालात तर मी परत जाईन."

त्यांनी वस्तऱ्याकडे पाहिलं. पाठीवर कोरलेला वार त्यांना वाचता आला की नाही, मला माहीत नाही. वाचलेलं त्यांना कितपत कळत होतं तेही कोणाला माहीत नव्हतं.  मग त्यांनी हनुवटी वर केली. चॅपलमध्ये उचलायचे तशी.

मी कानशिलापासून सुरुवात केली. कातडी उजव्या हाताने ताणली. तिथे त्याचं कापरं चालून जात होतं, गालाला नुसतं थोपटल्यासारखं होत होतं. डाव्या हाताने पातं निजवलं आणि खाली ओढलं. आणि ते वाजलं. खुंटांवरून जाताना ते पातळ पोलाद गुणगुणलं, खूप हलकं, रेशीम फाडल्यासारखं पण सुरात.  पुन्हा ओढलं, पुन्हा तोच सूर. बाबांच्या डोळ्यांच्या कडांना पाणी आलं, एका डोळ्याच्या जास्त. मी गाल केला, ओठांवरचा भाग केला, हनुवटीच्या खळीतला तो झुपका पात्याच्या टोकाने काढला. गळ्याशी आल्यावर थांबलो. शीर उडत होती. आई, मी मनात म्हणालो, आणि खालून वर नेलं. लागलं नाही. कुठेच लागलं नाही.

टॉवेलने पुसलं तेव्हा बाबांनी आपला चांगला हात, डावा, वर आणला आणि चेहऱ्यावरून सावकाश फिरवला, गिऱ्हाइकाने फिरवावा तसा. गाल. हनुवटी. जबड्याखाली एका जागी बोट थांबलं. त्यांनी तिथे टकटक केलं आणि माझ्याकडे रागाने पाहिलं.

"आणि," ते म्हणाले.

"अगं बाई," डेल्फिन म्हणाली, "राहिलंय वाटतं." मी पुन्हा फेस लावला आणि तेवढं केलं. हसू येत होतं म्हणून दोनदा थांबावं लागलं.

चॅपलमध्ये माणसं मावली नाहीत. बंद होणाऱ्या जागी माणसं कधीच मावत नाहीत. बाबांची खुर्ची पुढे, खिडकीखाली ठेवली होती. नवा पाद्री तरुण आहे, चांगला आहे, कागदावरून बोलतो. तो बोलत होता आणि मी त्या हनुवटीकडे पाहत होतो. तिच्यावर उजेड पडला होता. गीताचं पुस्तक माझ्या उजव्या हातात थरथरत होतं, पानं एकमेकांवर आपटत होती. फीबीने आपला हात पुढे केला आणि माझ्या हातावर ठेवला. समोर बघत बघतच. "बशीने चहा निवत नाही," ती हळूच म्हणाली. "कधीच नाही निवत." तिचा हात तिथेच राहिला.

शेवटचं गीत लागलं. शेवटच्या ओळीआधी ऑर्गन थांबतो, नेहमीच थांबतो, आणि त्या शांततेत खुर्चीतला डावा हात वर गेला. तळवा उघडा. बायकांनी सूर उचलला, तरुणांनी उचलला. आम्ही खर्जवाले चौघेच उरलो होतो, मागच्या बाकावर, आणि आमचे कान जसे होते तसेच होते. बाकाच्या लाकडातून सूर माझ्या गुडघ्यांत येईपर्यंत मला दिसलं की बाबांनी मान मागे वळवली आहे, जितकी वळत होती तितकी.

"आणि," ते म्हणाले, आणि हात वर तसाच धरून थांबले, आम्ही येईपर्यंत.